परमुलखातील साधे नवल

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "काकू, तुम्ही सहा महिने अमेरिकेत राहून आलात, तेव्हा यंदा वर्धापनदिनाला तुम्हीच बोला." माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. सभेत उभे राहून बोलण्याची सवय नाही. हळदीकुंकवाला आपण जशा बोलतो तसे बोलले तर चालेल का, असे मी विचारले. त्या 'चालेल' म्हणाल्या, म्हणून ही उभी आहे. काही कमीजास्त झाले तर संभाळून घ्यावे.

मी परत आल्यापासून धर्मापुरीत जी भेटते ती विचारते, "काय काय पाहिलेत?" तिला उंच इमारती आणि मोठमोठी दुकाने यांचे वर्णन हवे असते. न्यूयॉर्क शहरातील इमारती मीही पाहिल्या. मान दुखेपर्यंत वर पाहिले आणि पुढे चालू लागले. मनात राहिले ते निराळेच. एक खार, एक पिवळी मोटार, घराच्या पायरीवरचे भोपळे, आणि आकाशात भलत्याच ठिकाणी दिसलेला आपला ध्रुवतारा. ऐकून हसू येईल, पण आज मी याच गोष्टी सांगणार आहे. आपले घरदार सोडून दूर राहणाऱ्या बाईला अशा साध्या गोष्टींत आनंद मानता आला पाहिजे. ती चैन नव्हे. तिच्या प्रकृतीला औषधाइतकीच त्याची जरूर असते, असे मला तिथे दिसून आले.

मी गेले होते लेकीच्या बाळंतपणाला. न्यू जर्सी नावाच्या राज्यात एडिसन म्हणून गाव आहे, तिथे जावईबापू नोकरीला आहेत. २०२३ च्या ऑगस्टअखेर मी गेले आणि २०२४ च्या फेब्रुवारीअखेर परत आले. सप्टेंबरच्या शेवटी नातीचा जन्म झाला. डिंकाचे लाडू झाले, हळिवाची खीर झाली, शेपूची भाजीही मिळाली. शेकशेगडी मात्र करता आली नाही, कारण तिथे छताला एक लहानशी घंटा बसविलेली असते आणि जरा धूर झाला की ती अशी किंचाळते की, सारी आळी बाहेर यावी!

सोयींना तोटा नव्हता. नळाला चोवीस तास गरम पाणी, कपडे धुवावयास यंत्र आणि वाळवावयासही यंत्र. तोटा होता माणसांचा. जावईबापू सकाळी आठला बाहेर पडत ते संध्याकाळी सातला येत. मधले अकरा तास घरात आम्ही दोघी आणि बाळ. थंडीमुळे खिडक्या बंद. आपल्याकडे बाळंतीण निजलेली असली तरी दारात कोणीतरी असते. भाजीवाली हाक मारते, शेजारीण सुपात ज्वारी घेऊन निवडावयास येऊन बसते, देवळातली घंटा ऐकू येते. तिथे कान ओस पडतात. मला स्वयंपाकघर होते, म्हणून माझा दिवस निघून जाई. लेक मात्र उतरत चालली. बाळ रडले की तीही रडे. विचारले तर म्हणे, "काही नाही आई, उगीच." आवडीची येसर आमटी केली तरी दोन घास खाऊन उठे. पूर्वी ही मुलगी हसू लागली की तिला आवरावे लागे. तिचे हसणे कधी थांबले ते घरात कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

सहाव्या आठवड्यात तिला तपासावयास नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट पाहिले, रक्तदाब पाहिला आणि मग हातात एक छापील कागद दिला. त्यावर दहा प्रश्न होते. ही प्रश्नावली स्कॉटलंड देशातील डॉक्टरांनी तयार केली आणि १९८७ साली ती प्रसिद्ध झाली. आता पुष्कळ देशांत ती वापरतात. न्यू जर्सी राज्याने तर २००६ साली कायदाच केला की, बाळंतिणीच्या मनाची अशी तपासणी झालीच पाहिजे. सबंध अमेरिकेत असा कायदा करणारे हे पहिले राज्य. लेकीने मला ते प्रश्न मराठीत समजावून सांगितले. मला वाटले होते की, पहिला प्रश्न रडण्याचा असेल. तसे नव्हते. गेल्या सात दिवसांत पहिल्यासारखे हसू येते का, गंमत वाटते का, असा पहिला प्रश्न. पुढच्या गोष्टींची आनंदाने वाट पाहावीशी वाटते का, हा दुसरा. झोपेचे, भीतीचे आणि रडण्याचे प्रश्न त्यानंतरचे.

भगिनींनो, मी तो कागद हातात घेऊन बसून राहिले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण त्या कागदाचे मला फार नवल वाटले. ताप आहे का, हे विचारावे तसे एखाद्या बाईला आनंद होतो का, हे डॉक्टर विचारतात! आपल्याकडे 'बाळंतीण जरा चिडचिडी झाली आहे' किंवा 'बाहेरचे काही लागले आहे' असे म्हणून आपण मोकळ्या होतो. डॉक्टरीणबाईंनी सांगितले की, दुखणे फार वाढलेले नाही. रात्री एक वेळ बाळाला दुसऱ्या कोणी घ्यावे म्हणजे हिला सलग झोप मिळेल. दिवसा उजेडात बाहेर फिरावयास न्यावे. दोन आठवड्यांनी पुन्हा दाखवावे, आणि उतार नसेल तर औषध सुरू करू. हे मी मुद्दाम सांगते, कारण मी पुढे सांगणार आहे ती युक्ती डॉक्टरांच्या जागी नाही, त्यांच्या जोडीला आहे.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन वाजता बाळाला दुलईत गुंडाळून, ढकलगाडीत घालून आम्ही बाहेर पडू लागलो. पहिल्या दिवशी लेक म्हणाली, "आई, इथे पाहावयास काय आहे? सगळी घरे सारखीच." मी म्हणाले, "आपण रोज एकच नवी गोष्ट शोधायची आणि रात्री जेवताना जावईबापूंना सांगायची. सापडल्याशिवाय घरी परतायचे नाही." लहान मुलांना खेळ लावून द्यावा तसा मी हा खेळ लावून दिला.

पहिल्या दिवशी खार सापडली. तिथली खार आपल्या खारीच्या दुप्पट मोठी, करड्या रंगाची, आणि पाठीवर रामाची बोटे नाहीत. ओक नावाच्या झाडाला टोपी घातल्यासारखी लहान फळे येतात. ही खार ते फळ तोंडात धरी, थोडी माती उकरी, फळ पुरी आणि वरून पंजाने थोपटून पाने सारखी करी. थंडीची बेगमी! आपण उन्हाळ्यात कुरडया-पापड करून डबे भरून ठेवतो, त्यातलाच प्रकार. गंमत म्हणजे पुरलेली काही फळे तशीच राहून जातात आणि त्यांतूनच नवी झाडे उगवतात. हे लेकीने रात्री जावईबापूंना सांगितले तेव्हा खारीची थोपटण्याची नक्कल करून दाखविली. सहा आठवड्यांत प्रथमच ती पोट धरून हसली. मी मुकाट्याने भात वाढीत होते, पण मला काय वाटले ते तुम्हांला सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी पानांचे नवल. तिथे थंडीपूर्वी झाडांची पाने पिवळी, नारिंगी आणि कुंकवासारखी लाल होतात. मला वाटे की, वाळली म्हणून रंग बदलला. लेक शिकलेली, तिने वाचून सांगितले. पानातील हिरवे द्रव्य दिवस लहान झाल्यावर नाहीसे होते, आणि पिवळा रंग जो मुळातच आत असतो तो उघडा पडतो. लाल रंग मात्र आधीपासून नसतो, तो त्याच दिवसांत पान नव्याने तयार करते. गळून पडण्याच्या आधी! आम्ही तशी पाने गोळा करून पुस्तकात दाबून ठेवली. त्यांतली चार मी आणली आहेत, ती तुमच्यात फिरवावयास देते. हळूच हाताळा.

मग पिवळ्या मोटारीचे. शाळेची मुले नेणारी मोटार तिथे पिवळ्या रंगाची असते. ती थांबली आणि तिचे तांबडे दिवे लुकलुकू लागले की, मागच्या गाड्या थांबतात. रस्त्याला मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्याही थांबतात. एवढीशी दप्तर घेतलेली पोर निवांतपणे रस्ता ओलांडते आणि तोवर दोन्ही बाजूंच्या मोटारी तिची वाट पाहत उभ्या राहतात. एका चिमुरडीसाठी सगळ्यांनी थांबावे, हे पाहून डोळ्यांना बरे वाटले. आम्ही कित्येक दिवस तीच वेळ साधून त्या कोपऱ्यावर जात असू.

भोपळ्यांचेही सांगते. ऑक्टोबर महिन्यात तिथे घरोघरच्या पायऱ्यांवर तांबडे भोपळे मांडून ठेवलेले असतात, केवळ शोभेसाठी. मला राहून राहून वाटे की, यांची भाजी कोणी का करीत नाही? शेवटी एक विकत आणला आणि घारगे तळले. पलीकडच्या घरात एक वृद्ध बाई एकट्याच राहत, त्यांना बशीभर नेऊन दिले. त्यांना माझी भाषा येईना, मला त्यांची. त्यांनी एक खाल्ला, डोळे मिटले, आणि पोटावर हात फिरवून दाखविला. चारच दिवसांत त्या भोपळ्याचाच केक घेऊन आमच्या दारात उभ्या. पुढे त्या आठवड्यातून एकदा बाळाला पाहावयास येऊ लागल्या. लेकीला शेजार मिळाला तो असा, एका भोपळ्यावरून.

पाच नोव्हेंबरला आणखी एक गंमत झाली. त्या रात्री तिथे घड्याळ एक तास मागे करतात. सकाळी उठून पाहते तो गेलेला तास परत आलेला! आपण बायका म्हणतो ना, "दिवसाला एक तास जास्त असता तर बरे झाले असते." मी तो तास वाया जाऊ दिला नाही. लेकीला म्हणाले, "हा तास तुझा, तू नीज." मार्चमध्ये हा तास परत द्यावा लागतो, पण तोवर मी इकडे आले होते!

आता आकाशाचे. लग्नात नवरीला ध्रुवतारा दाखवितात, तो उत्तरेला असतो हे आपल्याला ठाऊक आहे. हात लांब करून मूठ धरली, तर एका मुठीची उंची आकाशात साधारण दहा अंशांएवढी भरते. धर्मापुरीतून ध्रुव क्षितिजाच्या वर साधारण दोन मुठी दिसतो. न्यू जर्सीत मी तो त्याच उंचीवर शोधीत होते आणि तो काही सापडेना. जावईबापूंनी दाखविला तो चार मुठी वर! आपण जितके उत्तरेला जाऊ तितका ध्रुव वर चढतो. आपले गाव सुमारे एकोणीस अंशांवर आणि ते गाव चाळीस अंशांवर, म्हणून हा फरक. मैलांचे आकडे पुष्कळ ऐकले होते, पण लेक किती लांब दिली आहे हे मला त्या दिवशी दोन मुठींनी कळले. आज घरी गेल्यावर अंगणातून मोजून पाहा.

भाऊबीजेला लेकीचा भाऊ इकडे. ज्या बहिणीचा भाऊ जवळ नसतो ती चंद्राला ओवाळते, ही आपली रीत. त्या संध्याकाळी चंद्रकोर घरांच्या आड लवकर मावळली. दुसऱ्या दिवशी ती दिसली तेव्हा आम्ही निरांजन घेऊन अंगणात गेलो. आपल्याकडे बीजेची कोर होडीसारखी पुष्कळशी आडवी असते. तिथे ती जवळजवळ उभी, कोणीतरी कलती करून ठेवल्यासारखी. लेक म्हणाली, "आई, चंद्रसुद्धा इथे निराळा उभा राहतो, मग मला जड जाईल नाही तर काय?" असे म्हणून तिने ओवाळले. बाळालाही तबकातली ज्योत दाखविली. दोन आठवड्यांनी डॉक्टरीणबाईंनी तो दहा प्रश्नांचा कागद पुन्हा भरून घेतला, तेव्हा उतार पडला होता. झोपेने, उजेडाने आणि बोलण्याचालण्याने गुण आला, असे त्या म्हणाल्या.

भगिनींनो, त्याच महिन्यात जावईबापूंनी आम्हांला पोकिप्सी नावाच्या गावी नेले. हडसन नदीच्या काठी हे गाव आहे. तिथल्या दफनभूमीत आपल्या महाराष्ट्राच्या आनंदीबाई जोशी यांच्या अस्थी पुरलेल्या आहेत. झाडे बहुतेक उघडी झाली होती. साधासा दगड आहे. त्यावर आनंदीबाईंचे नाव, १८६५ आणि १८८७ ही साले, आणि शिक्षणासाठी हिंदुस्थान सोडणारी पहिली ब्राह्मण स्त्री अशा अर्थाचा मजकूर कोरलेला आहे. आम्ही हळदकुंकू वाहिले.

आनंदीबाईंची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली असते. पण परमुलखात राहून त्या दगडापुढे उभे राहिले की, ती निराळी वाटते. ही मुलगी १८८३ सालच्या ७ एप्रिलला कलकत्त्याहून बोटीत बसली आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरली. जवळजवळ दोन महिने समुद्रावर, सोबत नवरा नाही, वय अवघे अठरा. मी विमानातून एका दिवसात गेले तरी माझे पाय सुजले होते! न्यू जर्सीतच रोझेल नावाचे गाव आहे, तिथे कारपेंटरबाईंच्या घरी त्या प्रथम राहिल्या. या बाईंशी त्यांची ओळख केवळ पत्रांतून झालेली, आणि त्या त्यांना मावशी म्हणत. त्याच रोझेल गावात १८८३ च्या जानेवारीत एडिसनसाहेबांनी रस्त्यावर तारा टाकून विजेचे दिवे लावले होते. घासलेटाच्या दिव्यातून गेलेली आपली मुलगी पाचच महिन्यांनी त्या गावात पोहोचली. आपल्याकडचा स्वयंपाक करून त्यांनी तिथल्या मंडळींना जेवू घातले. म्हणजे पहा, मी भोपळ्याचे घारगे दिले त्यात नवे काहीच नाही. ती वाट एकशे चाळीस वर्षांपूर्वीच पडलेली आहे.

पण पुढचेही सांगितले पाहिजे. फिलाडेल्फियाच्या बायकांच्या वैद्यकीय विद्यालयात शिकताना त्यांची प्रकृती ढासळत गेली. थंडी सोसवेना, आपल्या पद्धतीचे अन्न मिळेना, खोली नीट ऊबदार राहीना. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना डॉक्टरची पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. त्याच वर्षाच्या अखेरीस आनंदीबाई परत आल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बाविसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या पतीने अस्थी कारपेंटरबाईंकडे पाठविल्या आणि त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या जागेत ठेवल्या. परक्या मुलखातली मावशी शेवटपर्यंत मावशीच राहिली. मी तिथे उभी असताना मनात आले की, आनंदीबाईंना जिद्द होती, मायेची माणसेही मिळाली. कमी पडली ती ऊब आणि अन्न. नुसत्या आनंदाने देह चालत नाही. म्हणून लेकींना सांगताना दोन्ही सांगावे. गरम राहा, पोटभर जेवा, आणि मग डोळे उघडे ठेवून हिंडा.

रमाबाई पुढे अमेरिकेत राहिल्या, हिंडल्या. लहान मुलांना चेंडू, लाकडी ठोकळे, कागद असे साहित्य हातात देऊन खेळातून शिकविण्याची फ्रोबेलची पद्धत त्यांनी तिथे पाहिली आणि शिकून घेतली. परत आल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईला शारदासदन काढले. अमेरिकेत जे पाहिले त्यावर त्याच वर्षी मराठीत मोठे पुस्तकही लिहिले. चेंडू आणि ठोकळे ही काय मोठी वस्तू? पण तिच्याकडे ज्यांनी नवलाने पाहिले, त्यांनी ते आपल्या मुलीबाळींसाठी बरोबर आणले.

जानेवारीत बर्फ पडले. पाऊस येतो तो सांगत येतो, पत्रे वाजवीत येतो. बर्फ पडताना आवाजच नाही. सकाळी उठून पडदा सारला तो सारे पांढरे, आणि रस्त्याचा नेहमीचा आवाजही दबलेला. ताज्या बर्फात हवा फार असते, ती आवाज शोषून घेते, असे लेकीने सांगितले. मी काळी शाल अंगावर घेऊन दारात उभी राहिले. एकेक कण शालीवर पडे आणि विरघळण्यापूर्वी क्षणभर त्याचा आकार दिसे. सहा पाकळ्या, जणू दारातली ठिपक्यांची रांगोळी. आमच्या पलीकडच्या बाई फावड्याने वाट मोकळी करीत होत्या. त्यांना त्या बर्फाचा कंटाळा, मला कौतुक! त्यांनी माझ्याकडे पाहिले, हसल्या, आणि फावडे टेकून त्याही आपल्या बाहीवरचे कण पाहू लागल्या.

आता कोणी म्हणेल, "बाई, तुमची लेक अमेरिकेत, म्हणून तुम्हांला हे नवल सुचते." तसे नाही. आपल्या बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळी झाली की हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. कोणी सांगली-कोल्हापूरकडे, कोणी बेळगावकडे. पाच-सहा महिने उसाच्या पाचटाच्या कोपीत राहावयाचे, पहाटे उठून फडात जावयाचे, दिवसभर मोळ्या वाहावयाच्या. त्या भगिनींना कर्नाटक हा परदेशच, भाषासुद्धा निराळी. त्यांचे कष्ट मी गोड करून सांगणार नाही, ते करूही नयेत. आमच्या शेजारची एक बाई वीस वर्षे कोयत्यावर जाऊन आली. परत आल्यावर मी तिला विचारले, "तुला तिकडचे काय आठवते ग?" मला वाटले की ती मुकादमाचे नाहीतर पाठदुखीचे सांगेल. तेही तिने सांगितले. पण आधी म्हणाली, "अक्का, कृष्णा नदी. भर उन्हाळ्यात दोन्ही थड्या भरून वाहणारे पाणी मी जन्मात पहिल्यांदा पाहिले. संध्याकाळी फडावरून येताना घटकाभर पाय सोडून बसायची. तेवढीच घटका माझी." टँकरची वाट पाहत वाढलेल्या आपल्या भागातल्या बाईला वाहते पाणी म्हणजे केवढे नवल! माझी ढकलगाडीची दुपार आणि तिची ती घटका यांत मला फरक दिसत नाही. फरक इतकाच की, मला विचारणाऱ्या पुष्कळ आहेत आणि तिला वीस वर्षांत कोणी विचारले नव्हते.

परत आल्यावर माझीही एक खोड जडली आहे. केदारेश्वराच्या देवळाला मी लग्न होऊन आल्यापासून जाते आहे. प्रदक्षिणा घालावयाची आणि घाईने घरी यावयाचे. आता बाहेरच्या भिंतीपाशी थांबते. चालुक्यांच्या काळचे ते दगडी काम, त्यावरच्या त्या स्त्रियांच्या मूर्ती, त्यांचे दागिने, केसांची ठेवण, उभे राहण्याची ढब. रोज एकच मूर्ती पाहते आणि रात्री लेकीला फोनवर सांगते. आपल्याकडे सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा तिथे आदली रात्र असते, म्हणून कधी कालचे सांगते, कधी आजचे. तीही तिचे सांगते. परवा म्हणाली, "आई, बाळाला आज स्वतःची सावली सापडली. ती पकडावयास रांगत होती." मी फोन ठेवला आणि उगीचच आपल्या सावलीकडे पाहिले.

जाता जाता दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या लेकी आता पुण्याला, हैदराबादला, परदेशी जातात. फोनवर आपण त्यांना विचारतो, "जेवलीस का? पैसे पुरतात का?" ते विचारावेच. त्याच्या जोडीला आणखी एक विचारावे, "आज नवे काय पाहिलेस?" पहिले दोन दिवस उत्तर येणार नाही. तिसऱ्या दिवशी येईल. आणि पुष्कळ दिवस तिला काहीच सांगावेसे वाटत नसेल, हसू येत नसेल, झोप उडाली असेल, तर ते तिच्या स्वभावावर ढकलू नका, डॉक्टरांना दाखवा. आपल्या सरकारने २०२२ सालापासून टेलि-मानस नावाची फोनची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फुकट बोलता येते. हा आकडा घरात भिंतीवर लिहून ठेवावा.

दुसरी गोष्ट मंडळाची. दर महिन्याच्या सभेत हिशेब आणि भिशी झाल्यावर पाच मिनिटे राखून ठेवावीत. त्यात कोयत्यावर जाऊन आलेल्या, मुलाकडे शहरात राहून आलेल्या, माहेराहून आलेल्या, कोणीही एकीने आपण पाहिलेले एक साधे नवल सांगावे. मोठे नसले तरी चालेल. ज्या भगिनीला आजवर कोणी विचारले नाही, तिच्यापासून सुरुवात करावी. आमच्या त्या शेजारणीला मी आज बरोबर आणले आहे. ती मागे खांबापाशी बसली आहे. कृष्णेचे पाणी ती माझ्यापेक्षा चांगले सांगेल.

 पाने फिरून झाली असतील तर तेवढी परत करावीत, नातीसाठी ठेवावयाची आहेत.

जय हिंद! जय महाराष्ट्र!